मेंढी दाबणाऱ्यांचा जाहीर निषेध

माणसांचे श्रीमंत-गरीब, शाकाहारी-मांसाहारी, नोकरदार-पेन्शनर असे जे प्रकार लोक पाडतात ते सगळे वरवरचे आहेत. माणसाची खरी पारख मेंढीकोटाच्या डावात होते. हातात दश्शी आली की ती वेळेवर टाकणारा एक पंथ, आणि ती दाबून बसणारा दुसरा. पहिल्या पंथाची माणसे मोजकी आणि दुसऱ्याची उदंड, असा पांढरकवड्यातला माझा अनुभव आहे. दुसऱ्या पंथाशी माझे वैर आहे हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

मेंढीकोट येत नाही असा मराठी माणूस विरळा. तरी ज्यांचे बालपण उन्हाळी शिबिरांत गेले आणि ज्यांना आजोळची दुपार लाभली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार माणसे, समोरासमोर बसणारे दोघे भिडू, प्रत्येकाला १३ पाने. जोडात चार दश्श्या असतात, त्यांनाच मेंढ्या म्हणायचे. ज्या जोडीने जिंकलेल्या हातांत तीन मेंढ्या येतील तिचा डाव. चारही आल्या की कोट. दोन-दोन अशी बरोबरी झाली तर ज्यांचे सात किंवा अधिक हात झाले ते जिंकले. आणि तेराच्या तेरा हात एकाच जोडीने केले तर बावन्न पानी कोट. असा कोट ज्याच्यावर बसला त्याने पुढचे आठ दिवस बाजारातून मान खाली घालून जायचे, हा आमच्याकडचा अलिखित नियम.

आता यातली मौज बघा. ही दश्शी तशी अगदी मधली बाई. तिच्या डोक्यावर गुलाम, राणी, राजा आणि एक्का असे चार साहेब बसलेले. तिच्या हाताखाली नव्वीपासून दुर्रीपर्यंत आठ जणांचा स्टाफ. साहेबांपुढे तिचे काही चालत नाही, आणि स्टाफ तिला विचारत नाही. पण दिवसअखेर हिशेब जुळला की नाही हे ठरते मात्र तिच्यावरून. बँकेत वीस वर्षे काउंटरवर काढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वाद निघाला तो गेल्या हिवाळ्यात. आमच्या गावातल्या बँकवाल्यांचे मिळून एक छोटे स्नेहसंमेलन होते. त्यात गायन, संगीत खुर्ची, वहिनींचा उखाणा आणि पत्त्यांची स्पर्धा हे चार कार्यक्रम ठरलेले. पांढरकवडा म्हणजे नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव. पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण. त्यामुळे आमच्या डावात ‘टाक ना बे’ मराठीत, ‘मत डालो’ हिंदीत आणि हरल्यावरचे बोलणे तेलुगूत चालते. एप्रिल-मे महिन्यांत इथे दुपारी बाहेर पडणे म्हणजे स्वतःचा पापड भाजून घेणे. अशा गावात पत्ते ही करमणूक नसून आरोग्य खात्याची सूचना समजावी. तर त्या स्पर्धेच्या बैठकीत, कॅश बंद झाल्यावर, एका नव्या तरुण अधिकाऱ्याने ठराव मांडला की यंदा स्पर्धेतून मेंढीकोट काढून टाकावा.

“सर, यात स्किल कुठे आहे?” तो मला म्हणाला. “एका कार्डाला इतकं वेटेज! दहा नंबरचं कार्ड. तेही मिडल ऑर्डरचं.”

त्याला ताबडतोब दोन अनुमोदक मिळाले. एक ब्रिजवाला, दुसरा रमीवाला. आणि कोपऱ्यात बसलेले एक वडीलधारे काकाजी, ज्यांची उभी हयात मेंढीकोट खेळण्यात गेली, ते म्हणाले, “काढून टाका जी. मेंढी हे पानच बेकार. हातात आली की जीव टांगणीला. टाकावी तर जाते, ठेवावी तरी जाते.”

पहिल्या तिघांचे मी समजू शकतो. काकाजींचे नाही. घरभेद्याचे कोणी समजून घेत नसते. पण एकेकाचा समाचार घेतो.

ब्रिजवाल्यांपासून सुरुवात करू, कारण सुरुवात आपल्यापासून झाली नाही तर त्यांना राग येतो. ब्रिज हा बुद्धिमंतांचा खेळ आहे याबद्दल माझी तक्रार नाही. २०१८ साली जकार्त्याच्या आशियाई स्पर्धांत ब्रिज पहिल्यांदा आला, आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार या जोडीने त्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. बर्धन तेव्हा साठीचे होते. ज्या वयात आमच्याकडे माणसाला नारळ आणि शाल देऊन घरी पाठवतात त्या वयात या गृहस्थाने सोन्याचे पदक गळ्यात घातले. मला त्या बातमीने फार बरे वाटले होते. तेव्हापासून मात्र आमच्या ब्रिजवाल्याची चाल बदलली. ते पदक त्यानेच वाटून आणल्यासारखा तो बोलतो.

पण ब्रिजमध्ये दश्शीची काय दशा आहे ते ऐका. पाने मोजताना एक्क्याला ४ गुण, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ आणि दश्शीला भोपळा. आणि तरीही ब्रिजच्या शास्त्रात एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी ही पाचही पाने ‘मानकरी’ समजली जातात! रबर ब्रिजमध्ये हुकुमाची ही पाचही एका हाती आली तर १५० गुणांचे बक्षीस आहे, आणि त्यात दश्शी नसेल तर बक्षीस शंभरावर येते. म्हणजे मानकऱ्यांच्या यादीत नाव आहे, पगारपत्रकात आकडा नाही. हल्ली आम्हा कारकुनांना ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात त्यातलाच हा प्रकार. पाटी बदलली, पण टोकन घेऊन उभ्या असलेल्या आजोबांना मी अजून ‘बाबू’च आहे.

तेव्हा दश्शीला किंमत नाही हे ब्रिजवाल्याचे म्हणणे ब्रिजपुरते खरे. पण पानाची किंमत पानात नसते, खेळात असते. तीनशे चार खेळून बघा. तिथे गुलाम ३० गुणांचा आणि सगळ्यांत मोठा! त्याच्या खालोखाल नव्वी २०, मग एक्का ११, मग दश्शी १०, आणि राजेसाहेब ३ गुण घेऊन दश्शीच्या हाताखाली. राणीला २. अठ्ठी-सत्ती बिनपगारी. चारही रंगांची बेरीज ३०४. गुलामापुढे एक्क्याने मान तुकवावी आणि राजाने दश्शीला नमस्कार करावा, असा न्याय त्या एका खेळातच बघितला. आणि सावंतवाडीच्या गंजिफ्यात तर याहून कमाल आहे. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी १२ पाने, एकूण १२० गोल पाने. त्यातल्या निम्म्या रंगांत प्रधानाखाली सर्वांत मोठी दश्शी, आणि उरलेल्या निम्म्यांत उलटा क्रम, म्हणजे तीच दश्शी सर्वांत खालची. एकाच पानाला पाच खात्यांत सलाम आणि पाच खात्यांत पायरीजवळची जागा! आमच्यात बदली झाल्यावर होते ते याहून निराळे नसते.

म्हणून दश्शी ‘मिडल ऑर्डर’ची आहे या आक्षेपाला अर्थ नाही. कोणत्या ऑर्डरची आहे हे खेळ ठरवतो. मेंढीकोटाने तिला डावाचा जीव केले आहे, आणि तरीही तिला चार साहेबांच्या हाताखाली ठेवले आहे. याच दोन गोष्टींच्या ताणातून सगळी अक्कल लागते.

रमीवाल्याला मी फार वेळ देणार नाही. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले, हे तो उठता-बसता ऐकवतो. खटला सिकंदराबादच्या एका क्लबाचा, म्हणजे आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा, त्यामुळे त्याला तो घरचाच वाटतो. खेळलेली पाने लक्षात ठेवावी लागतात म्हणून रमीत कौशल्य, असा त्या निकालाचा रोख होता. मग मेंढीकोटात काय गेलेली पाने विसरायची असतात? आणि कौशल्याची एवढी खात्री होती तर मोबाइलवर पैसे लावून रमी खेळण्यात आमच्या ओळखीतल्या दोन घरांचे जे झाले ते का झाले? २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावण्याचे ऑनलाइन खेळच बंद केले, त्यात ही रमीही गेली. मेंढीकोटावर मात्र आजवर कोणाचे घर गहाण पडलेले मी पाहिले नाही. फार तर चार चहा आणि एक प्लेट भजी. आणि मुख्य म्हणजे रमीत दश्शीला गुलाम, राणी, राजाइतकेच १० गुण. कोणालाच कमी-जास्त नाही. इतक्या समतेत भांडणाला जागा राहत नाही, आणि भांडण नाही तो पत्त्यांचा खेळ कसला?

आता मुख्य शत्रू. मेंढी दाबणारे.

हा माणूस ओळखणे सोपे आहे. पाने उचलली की तो ती लावतो आणि दश्शी हळूच पंख्याच्या अगदी डाव्या टोकाला नेऊन ठेवतो. तिच्यावर अंगठा. डाव सुरू झाल्यावर तो दर मिनिटाला तिच्याकडे बघतो, जशी बाई एस.टी.त बसल्यावर मंगळसूत्र चाचपते. बाकीच्या तिघांना मेंढी कोणाकडे आहे हे पहिल्या हातातच कळलेले असते. नाही कळत ते फक्त त्याला की ते सगळ्यांना कळले आहे. समोरून भिडू बदामाचा एक्का उतारतो. शत्रू गरीबपणे बदामाची तिर्री टाकतो. आता याने बदामाची दश्शी त्या एक्क्यावर ठेवली की मेंढी घरात आली, कडी लावली, निजायला मोकळे. पण नाही. हा बदामाची पंजी टाकतो. भिडू त्याच्याकडे जे बघतो ते बघणे मराठीत लिहिता येत नाही.

“काहून जी? मेंढी कायले ठेवली?” डाव संपल्यावर विचारावे.

“एक्क्याचा हात तर आपलाच होता न भाऊ! त्याच्यावर मेंढी कायले वाया घालवाची? पुढं मोठी झाली असती तर तिनंच एक हात केला असता.”

“पुढं मोठी झाली असती.” या चार शब्दांत दाबणाऱ्यांचे सगळे तत्त्वज्ञान आहे. वरचे चार साहेब निघून गेले की आपली दश्शी त्या रंगात सर्वांत मोठी होईल, मग ती राजरोस उतारू. याला आमच्या भाषेत प्रमोशनची वाट पाहणे म्हणतात. मी बी.कॉम. आहे. मला कविता कळत नाही पण बेरीज येते. म्हणून या तत्त्वज्ञानाचा ताळेबंद मांडून दाखवतो.

एका रंगात पाने १३. माणसे ४. एक्का, राजा, राणी आणि गुलाम हे चार साहेब एकामागून एक चार फेऱ्यांत बाहेर पडायचे म्हटले तर चार चोक १६ पाने लागतील. रंगात आहेत १३. तीन पानांची तूट. म्हणजे साहेब आपापल्या क्रमाने रिटायर होतील आणि मग आपली पाळी येईल, हे अंकगणिताच्या नियमांनी अशक्य. दोन साहेब एकाच हातात पडले, जे कधीमधी होते, तरच काही आशा.

समजा ते झाले. तुमच्याकडे त्या रंगाची चार पाने होती, तीन छोटी आणि एक दश्शी. तुम्ही तीन फेऱ्या छोटी पाने टाकून तग धरला. पण उरलेल्या तिघांत मिळून त्या रंगाची पाने होती ९. तिसऱ्या फेरीपर्यंत सगळ्यांकडे तो रंग टिकायला ती पाने तीन-तीन-तीन अशी अगदी सारखी वाटली गेलेली पाहिजेत. याचा संभव काढला तर शंभरात ११ येतो. म्हणजे साधारण नऊ डावांतल्या आठांत तिसऱ्या फेरीलाच कोणाचा तरी रंग संपलेला असतो. तो कोणी तुमचा भिडू निघाला तर नशीब, पण समोर शत्रू दोन आहेत आणि भिडू एक. शत्रू हुकमाची दुर्री काढतो आणि टेबलावरचे सगळे कापून नेतो. हुकमाची दुर्री! सर्वांत धाकटा शिपाई, पण हेड ऑफिसचा.

बरे, नवव्या डावात ती नऊ पाने अगदी सारखी वाटली गेली. तीन फेऱ्या निर्विघ्न पार पडल्या. चारही साहेब गेले. तुमची दश्शी त्या रंगात आता सर्वश्रेष्ठ झाली. अभिनंदन. पण तेरापैकी १२ पाने निघून गेलेली आहेत. त्या रंगात आता दुसरे पानच नाही. ज्या दिवशी दश्शी मॅनेजर झाली त्या दिवशी शाखा बंद पडली. आता ती उतारा, आणि ज्याच्याकडे हुकूम उरला आहे तो हसत हसत घेऊन जाईल. निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला बढतीचे पत्र मिळावे, तसे हे प्रमोशन.

याच्या उलट पहिल्या फेरीचा हिशेब. भिडूने एक्का उतारला, तुम्ही त्यावर मेंढी ठेवली. धोका एवढाच की तुमच्या पुढच्या शत्रूकडे तो रंग मुळातच नसावा आणि त्याने पहिल्याच फेरीत कापावे. हा संभव शंभरात जेमतेम दोन. शंभरात दोनांची भीती बाळगून नऊपैकी आठांच्या खड्ड्यात उडी मारणाऱ्याला आम्ही बँकेत कर्ज देत नाही. निदान देऊ नये असे परिपत्रक आहे.

काकाजी यावर म्हणतात, “पण एक्का भिडूकडेच असंल कायवरून? तीनात दोनदा तो दुश्मनाकडे असते.”

हे खरे आहे. आणि याच ठिकाणी लोकांची गफलत होते. एक्का टेबलावर येईपर्यंत थांबणे म्हणजे दाबणे नव्हे. एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. पण यवतमाळची गाडी फलाटाला लागली, दार उघडले, बसायला जागा आहे, कंडक्टर हाका मारतो आहे, आणि हा गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन म्हणतो, “पुढची रिकामी येईल.” त्याला दाबणारा म्हणायचे. भिडूचा एक्का म्हणजे फलाटाला लागलेली गाडी. तिच्यात मेंढी चढवायची. पुढची गाडी राजाची, ती भिडूचीच असेल असे वेळापत्रकात लिहिलेले नाही.

न्यायाने बोलायचे तर दोन अपवाद मी मान्य करतो. एक, मेंढी हुकमाची असेल तर तिचा थाट निराळा. दुसऱ्या एखाद्या रंगाला तुम्ही रिकामे असाल तर तिने सरळ कापावे. हातही तिचा, मेंढीही तीच. मात्र वरून कोणी मोठा हुकूम मारणार नाही एवढे पाहावे. दोन, सगळे हुकूम निघून गेले आहेत हे तुम्ही नीट मोजले असेल तर शेवटपर्यंत ठेवलेली मेंढी खरोखर हात करते. पण यासाठी १३ हुकूम मोजावे लागतात, आणि दाबणारा माणूस हुकूम मोजत नसतो, त्याचा सगळा जीव डाव्या टोकाला अंगठ्याखाली असतो. लपवण्यातच ज्याची बुद्धी खर्च होते त्याला खेळायला बुद्धी कुठून उरणार? म्हणून मेंढीकोटात कौशल्य नाही असे म्हणणाऱ्या त्या तरुण अधिकाऱ्याला माझे सांगणे आहे की बाबा, मेंढी कधी टाकावी हेच ते कौशल्य. तू कौशल्य बघितले नाहीस, तू फक्त काकाजींचा खेळ बघितलास.

आता कोणी म्हणेल, एका पानावरून एवढा संताप? तर राजेहो, हे पानावर थांबत नाही.

माझ्या नोकरीत एका शाखेत एक हेड कॅशियर होते. नोटा मोजण्यात असा हात की मशीन लाजावे. वहिनींना काश्मीर बघायचे होते. एल.एफ.सी. मिळत होती, रजा साठली होती. पण दर वर्षी ते म्हणत, मुलीचे लग्न होऊ दे. मग घराचे कर्ज फिटू दे. मग म्हणाले, आता रिटायर झाल्यावरच निवांत जाऊ, रजेचे पैसेही हातात येतील. पैसे आले, अगदी पूर्ण आले. त्याच पावसाळ्यात वहिनी गेल्या. हेड कॅशियर आता संध्याकाळी आमच्या डावाला येऊन बसतात. हातात मेंढी आली की लगेच टाकतात. कधीकधी शत्रूच्या एक्क्यावरसुद्धा टाकतात. आम्ही कोणी त्यांना बोलत नाही. त्यांचा भिडू मुकाट्याने पुढचे पान उचलतो.

या सगळ्यात एका माणसाला मात्र मी दाबणारा म्हणणार नाही, आणि ते सांगितल्याशिवाय हा निषेध पुरा होत नाही. आमचा भाग कापसाचा. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला १० हजारांचा आकडा ओलांडला, पार पुढे गेला. पुढच्या हंगामात सरकारी हमीभाव मध्यम धाग्याला ६,०८० आणि लांब धाग्याला ६,३८० होता. बाजार त्याच्या वर होता, पण गेल्या वर्षीचा दहा हजार डोळ्यांपुढे होता. लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. माणसे ओसरीत झोपली आणि कापूस आत झोपला. घरात ठेवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, मुले रात्रभर खाजवत होती. भाव वर यायच्या ऐवजी खाली येत गेला. मार्चमध्ये पीककर्ज भरायला आलेल्या एकाला आमच्या शाखेतला कोणी म्हणाला, “दिवाळीलाच विकून टाकायचा होता न भाऊ. कायले दाबून ठेवला?”

तो काउंटरवर हात टेकून उभा होता. म्हणाला, “टाकला असता बाबू. पण माह्या समोर भिडू कोन हाय, तेवढं सांग.”

मेंढीकोटाचा सगळा ग्रंथ या एका वाक्यात आला. मेंढी लवकर टाका असे मी जे ओरडून सांगतो आहे, ते भिडूच्या एक्क्यावर टाका असे सांगतो आहे. समोर भिडू आहे, त्याच्याकडे कधीतरी एक्का येणार आहे आणि तो आपल्यासाठी तो उतारणार आहे, हे गृहीत धरून हा खेळ उभा आहे. ज्याच्या तिन्ही बाजूंना शत्रू बसले आहेत त्याने मेंढी दाबली तर तो दोष त्याच्या खेळण्याचा नाही. त्याला डावात बसवताना कोणी जोडीच दिली नाही. व्यापारी एका बाजूला, बाजार दुसऱ्या बाजूला, आभाळ तिसऱ्या. त्याला ‘वेळेवर खेळ’ असे शहाणपण शिकवणाऱ्याने आधी समोरच्या रिकाम्या जागेवर येऊन बसावे.

पण तुम्ही-आम्ही? आपल्यासमोर तर भिडू बसलेला आहे. महिन्याच्या महिन्याला पगार आहे, घरात माणूस आहे, दोन मित्र आहेत. तरी आपला अंगठा डाव्या टोकावर! चांगली चादर पाहुण्यांसाठी, पैठणी डांबरगोळ्यांसाठी आणि बोलायची गोड गोष्ट तेराव्यानंतरच्या शोकसभेसाठी. भिडू एक्का उतारून आशेने बघतो आहे, आणि आपण पंजी टाकतो.

टिपेश्वरचे अभयारण्य आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. २०१९ साली तिथला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घालून, चालत चालत थेट बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. बदलीचा हुकूम नाही, एल.एफ.सी. नाही, बारा भानगडी नाहीत. त्याच्या गळ्यातही पट्टा होता आणि आमच्याही आहे. फरक एवढाच की तो निघाला.

तेव्हा समितीपुढे माझा ठराव असा. एक, स्पर्धेत मेंढीकोट राहील, आणि पहिल्या क्रमांकाचा राहील. दोन, ब्रिज अवश्य ठेवावा, पण तो संगीत खुर्चीच्या वेळेला, म्हणजे ज्यांना शांतता हवी त्यांना कौशल्य दाखवायला वाव मिळेल. तीन, भिडूचा एक्का टेबलावर असताना ज्याने मेंढी दाबली आणि पुढे ती शत्रूला गेली, त्याने त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा द्यावा. चार, दंडाच्या चहात साखर भिडूच्या मर्जीप्रमाणे.

ठरावाला अनुमोदन हेड कॅशियरनी दिले. विरोधात एकच मत पडले, काकाजींचे. त्यांना विचारले की काकाजी, विरोध कशाला? तर म्हणाले, “विरोध नाही जी. पण मत एवढ्यात कायले द्याचं? पुढं कामी आलं असतं.”